सीपॅप यंत्र प्राणवायू देत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे या विषयावर आलेला लेख वाचला. घोरण्याचा विषय निघाला की आपल्याकडे कुंभकर्णाचा दाखला देऊन सगळे हसतात आणि बोलणे तिथेच संपते. अशा विषयाला पुरवणीचे अख्खे पान मिळाले, याबद्दल आधी आपले आभार मानते. लेखिकेने साधे घोरणे आणि श्वास बंद पडण्याचा विकार यांतला फरक नेमका सांगितला आहे. मात्र त्याच पानावरच्या चौकटीत या विकारावर वापरल्या जाणाऱ्या ‘सीपॅप’ यंत्राचे वर्णन ‘झोपेत रुग्णाला प्राणवायू पुरवणारे यंत्र’ असे केले आहे, आणि शेजारच्या चित्रात मास्कची नळी थेट सिलिंडरला जोडलेली दाखवली आहे. हे चूक आहे. एखाद्या शब्दाची चूक म्हणून ती मी सोडून दिली असती. परंतु याच गैरसमजापायी माणसे नको ती उपकरणे घरी आणतात आणि हवे ते उपकरण माळ्यावर टाकतात, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून हे पत्र, आणि ते थोडे लांबले तर क्षमस्व.

सीपॅपच्या डब्यात एक लहान पंखा असतो. तो खोलीतलीच हवा आत ओढतो, जाळीतून गाळतो आणि नळीवाटे नाकावरच्या मास्कमध्ये थोड्या दाबाने सोडत राहतो. त्या हवेत प्राणवायू असतो तो आपण सगळे घेतो तितकाच, म्हणजे सुमारे 21 टक्के. बाहेरून कोणताही वायू त्यात मिसळत नाही. दाबही फार नसतो. पाण्याने भरलेल्या पेल्यात दहा सेंटिमीटर खोल नळी बुडवून फुंकर घातली, तर बुडबुडे यायला जेवढा जोर लावावा लागतो, तेवढ्या दाबावर बऱ्याच रुग्णांचे काम भागते. वातावरणाच्या दाबाच्या तुलनेत ही जेमतेम एक टक्क्याची भर आहे. एवढ्याशा भरीने ज्याचा श्वास रात्रीतून शेकडो वेळा बंद पडत होता त्याचा तो सकाळपर्यंत सुरळीत चालावा, याचे नवल वाटते. आणि त्याचे कारण कळले की यंत्राची भीतीही जाते.

मी वैद्यकीय महाविद्यालयात तीस वर्षे शरीरक्रियाशास्त्र शिकवले. श्वसन हा माझा आवडीचा भाग. मेंदूच्या देठातून निघणारी लय, रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडची पातळी मोजणारी केंद्रे, मानेतल्या धमनीच्या फाट्यावर बसलेला आणि प्राणवायू घसरला की ओरड करणारा कॅरॉटिड पिंड, हे सारे मी खडूने फळ्यावर काढत आले. पण आज मागे वळून पाहताना जाणवते की मी जे शिकवत होते ते जाग्या माणसाचे श्वसन होते. आमच्या क्रमिक पुस्तकांत झोपेचा धडा वेगळा आणि श्वसनाचा वेगळा, आणि दोहोंच्या मध्ये बरीच पाने. त्यामुळे माझ्याच शेजारी, माझ्याच पलंगावर, यजमानांचा श्वास रात्री थांबत होता, अर्ध्या मिनिटाने मोठा हुंकार देऊन सुरू होत होता, आणि मी कूस बदलून झोपत होते. दुपारी वर्तमानपत्र हातात घेऊन बसल्या बसल्या त्यांना पेंग येई, तिला आम्ही वयाचे लक्षण मानत होतो. रक्तदाब तीन गोळ्यांनीही आटोक्यात येईना, तेव्हा एका तरुण डॉक्टरांनी मला विचारले, ‘‘मॅडम, सर घोरतात का? मध्येच आवाज बंद होतो का?’’ त्या प्रश्नाने मला माझ्याच विषयात नापास झाल्यासारखे वाटले.

जागेपणी आणि झोपेत नेमका काय फरक पडतो, ते सांगणे भाग आहे. नाकाला हाडांची भिंत आहे, श्वासनलिकेला कूर्चेची कडी आहेत. मधला घसा, म्हणजे पडजिभेमागून स्वरयंत्रापर्यंतचा बोळ, मात्र नुसत्या मांसाचा आहे. त्याच वाटेने आपण गिळतो, बोलतो आणि श्वासही घेतो, म्हणून तो लवचिक असणे गरजेचेच आहे. आपण श्वास आत ओढतो तेव्हा या बोळातला दाब कमी होतो आणि त्याच्या भिंती आत खेचल्या जातात. जागेपणी जीभ पुढे ओढून धरणारा स्नायू आणि त्याचे सोबती दर श्वासाला नेमक्या वेळी ताणले जाऊन ही वाट उघडी धरतात. आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. झोप लागली की हा ताण सैलावतो, आणि ज्या टप्प्यात स्वप्ने पडतात, बुबुळे भराभर हलतात, त्या रेम निद्रेत तर तो फारच कमी होतो. ज्याचा बोळ मुळातच अरुंद आहे, मग ते चरबीमुळे असो, मागे सरकलेल्या खालच्या जबड्यामुळे असो किंवा लहान मुलांत वाढलेल्या टॉन्सिलमुळे असो, त्याचा घसा आधी थरथरतो, ते घोरणे. आणि मग पूर्ण मिटतो. छाती आणि पोट हलत राहतात, माणूस जोर करत राहतो, पण आत हवा जात नाही. खोलीत प्राणवायूचा तोटा नसतो, फुप्फुसेही धडधाकट असतात. मधले काही सेंटिमीटर तेवढे बंद असतात.

अशी वाट मिटली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड चढतो, प्राणवायू उतरतो, मिटलेल्या घशाविरुद्ध चाललेला जोर वाढत जातो, आणि अखेरीस मेंदू तीन-चार सेकंदांपुरता जागा होतो. स्नायू ताणले जातात, घसा उघडतो, मोठा हुंकार येतो आणि माणूस पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातले काहीही आठवत नाही. दहा सेकंदांहून अधिक काळ श्वास बंद पडला तर तो एक प्रसंग धरतात, आणि प्रवाह नुसता मंदावून प्राणवायू घसरला किंवा झोप मोडली तर तोही मोजतात. तासाला अशा पाचांपर्यंत प्रसंगांकडे डॉक्टर फारसे लक्ष देत नाहीत. पंधरापुढे आजार मध्यम आणि तिसापुढे तीव्र समजला जातो. यजमानांचा आकडा अठ्ठेचाळीस होता. म्हणजे रात्रभर दर सव्वा मिनिटाला एकदा त्यांचा मेंदू त्यांना उठवत होता, आणि आम्ही दोघे त्याला गाढ झोप म्हणत होतो.

या साखळीतला ‘जाग येणे’ हा दुवा ज्यांनी नीट अभ्यासला, त्यांतच सीपॅपचे जनक कॉलिन सलिव्हन येतात. आपल्या लेखात त्यांचे नाव नाही, ते असायला हवे होते. सलिव्हन सिडनीचे. तिथल्या विद्यापीठात डेव्हिड रीड यांच्या हाताखाली ते श्वसनाच्या शरीरक्रियाशास्त्राकडे वळले. तान्ही, वरवर निरोगी बाळे झोपेत अचानक का दगावतात, हा रीड यांच्या संशोधनातला एक मोठा प्रश्न होता. पुढे 1970 च्या दशकात सलिव्हन कॅनडात टोरांटोला इलियट फिलिपसन यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे प्रयोगशाळेत शांतपणे झोपण्याची सवय लावलेले कुत्रे होते. ते झोपले की त्यांना दिली जाणारी हवा बदलायची, प्राणवायू कमी करायचा, कार्बन डायऑक्साइड वाढवायचा, श्वासाची वाट क्षणभर अडवायची, आणि झोपेच्या कोणत्या टप्प्यात शरीर काय उत्तर देते ते टिपायचे, असे ते काम. त्यातून दिसले की झोप ही एकसंध अवस्था नाही. साध्या गाढ झोपेत कुत्रा जितक्या लवकर जागा होई, तितक्या लवकर तो रेम निद्रेत जागा होत नसे, प्राणवायू बराच खाली जाईपर्यंत झोपूनच राही. श्वास गुदमरला की शरीर श्वासाचा वेग वाढवते, हे सगळे शिकवत होतो. पण जाग येणे हेसुद्धा गुदमरण्याला दिलेले उत्तर आहे आणि त्याकडे आपले दुर्लक्ष झाले आहे, असे या दोघांनी 1978 मध्ये आग्रहाने मांडले. मी त्याच सुमारास अध्यापनाला सुरुवात केली. माझ्या टिपणवहीत ही गोष्ट कित्येक वर्षे आली नाही.

झोपेत श्वास अडकण्याचा विकार सलिव्हन यांनी शोधला असे मात्र नाही. अतिस्थूल, सतत पेंगणाऱ्या रुग्णांची वर्णने आधीपासून होती आणि 1956 मध्ये अमेरिकेत बरवेल व सहकाऱ्यांनी अशा एका रुग्णाची तपशीलवार हकीकत प्रसिद्ध केली होती. पण पेंगण्याचा दोष तेव्हा रक्तात साठलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या माथी गेला. हे रुग्ण झोपलेले असताना त्यांचा श्वास आणि मेंदूचे आलेख एकाच वेळी नोंदवायचे काम 1965 मध्ये फ्रान्समध्ये गास्तो यांच्या गटाने आणि जर्मनीत युंग व कूलो यांनी केले, तेव्हा कुठे रात्रभर चाललेली ही उघडझाप कागदावर उमटली. 1976 मध्ये स्टॅनफर्डला गिलमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला नाव दिले आणि व्याख्या केली. निदान हाती आले, पण उपाय एकच होता: गळ्यावर, स्वरयंत्राच्या खाली श्वासनलिकेला कायमचे छिद्र पाडायचे, दिवसा ते बुचाने बंद ठेवायचे आणि रात्री उघडायचे. अडथळ्याच्या खालून श्वास घेतला की विकार त्याच रात्री नाहीसा होई. दुखणे फुप्फुसात नाही, वरच्या वाटेत आहे, याचा याहून स्वच्छ पुरावा कोणता असणार? पण घोरण्यासाठी गळ्याला भोक पाडून घ्यायला कोण तयार होणार, हाही प्रश्न होताच.

सलिव्हन सिडनीला परतले आणि रॉयल प्रिन्स आल्फ्रेड रुग्णालयात काम करू लागले. कुत्र्यांच्या नाकाडावर घट्ट बसणारे मुखवटे त्यांनी प्रयोगांसाठी बनवले होते, तोच अनुभव कामी आला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची फुप्फुसे मिटू नयेत म्हणून सतत दाबाने हवा देण्याची पद्धत 1971 मध्ये ग्रेगरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत वापरली होती. तिथे दाब फुप्फुसांसाठी होता. सलिव्हन यांनी तो फक्त घशासाठी वापरायचे ठरवले. सायकलची रिकामी ट्यूब दोन बोटांनी सहज चपटी होते आणि थोडी हवा भरली की होत नाही. घशाच्या बोळात आतून तसाच थोडा दाब राहिला, तर भिंती आत ओढल्या जाणार नाहीत, एवढाच तो विचार. त्यांनी त्याला हवेची खपाची म्हटले, मोडलेल्या हाडाला बाहेरून बांधतात तशी, फक्त इथे ती आतून बांधायची.

जून 1980 मध्ये त्यांच्याकडे तीव्र विकाराचा एक रुग्ण होता. गळ्याला छिद्र पाडण्याचा सल्ला त्याला मिळाला होता आणि तो त्याला मान्य नव्हता. एका रात्रीच्या प्रयोगाला मात्र तो तयार झाला. त्याच्या नाकाच्या साच्यावरून मास्क तयार केला, तो लवकर घट्ट होणाऱ्या सिलिकोनने कडेने चिकटवला, आणि हवा फेकायला व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी लावली. रुग्ण झोपला, श्वास अडकू लागला. दाब हळूहळू वाढवला, तसे एका ठरावीक टप्प्यावर घोरणे थांबले, अडकणे थांबले आणि श्वास शांत, एका लयीत चालू लागला. दाब उतरवला की श्वास पुन्हा अडके, चढवला की पुन्हा मोकळा होई. बटण दाबून दिवा लावावा आणि मालवावा तसा आजार चालू-बंद करता येत होता, असे प्रयोगशाळेत क्वचितच घडते. मग रुग्णाला दाबाखाली तसेच झोपू दिले. त्याला प्रदीर्घ रेम निद्रा लागली. पाच रुग्णांवरचे हे निष्कर्ष एप्रिल 1981 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. लागलेला दाब होता साडेचार ते दहा सेंटिमीटर पाण्याइतका. हवा नाकातूनच का द्यायची, याचेही उत्तर त्यात आहे: नाकातला दाब मऊ टाळूला पुढे जिभेवर टेकवतो, त्यामुळे तोंडाकडची वाट आपोआप बंद राहते आणि दाब घशात टिकतो.

या साऱ्या हकिगतीत सिलिंडर कुठेही नाही. सलिव्हन यांनी खोलीतलीच हवा वापरली. रुग्णाचा प्राणवायू सुधारला तो अडवलेली वाट मोकळी झाल्यामुळे, जास्त प्राणवायू दिल्यामुळे नव्हे. माझा आपल्या चौकटीवरचा आक्षेप एवढाच आहे, पण त्याचे परिणाम घराघरांत दिसतात.

यजमानांचे यंत्र घरी पोचवायला आलेल्या विक्रेत्याच्या माणसाने, मी स्वयंपाकघरात असताना, ‘‘काका, आता रात्रभर मस्त ऑक्सिजन मिळेल,’’ असे सांगितले. महिनाभर त्यांनी ते इमानेइतबारे लावले. रक्तदाब खाली येऊ लागला होता, दुपारची पेंग गेली होती, आणि एके दिवशी मास्क कपाटावर जाऊन बसला. विचारले तर म्हणाले, ‘‘सवय लागायला नको. उद्या त्या ऑक्सिजनशिवाय श्वासच घेता आला नाही तर?’’ तीस वर्षे श्वसन शिकवणाऱ्या बाईच्या घरात हे बोलणे! त्यांना टेबलाशी बसवून पेला आणि नळी घेऊन समजावले, तेव्हा कुठे मास्क परत नाकावर आला. यंत्राची सवय लागते ती चष्म्याची लागते तशी: काढला की आधीसारखेच अंधुक दिसते, त्याहून जास्त नाही.

याच्या उलटही घडते. 2021 च्या दुसऱ्या लाटेत अनेक घरांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतला प्राणवायू वेगळा काढून देणारी यंत्रे, आले आणि नंतर ते कोपऱ्यात पडून राहिले. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी घोरण्यावर उपाय म्हणून ते रात्री लावायला सुरुवात केली, कारण ‘दोन्ही यंत्रे प्राणवायूचीच’. मिटलेल्या घशावर नुसता प्राणवायू देणे म्हणजे बंद दाराबाहेर पाण्याचे टँकर उभे करणे. त्याने रक्तातली घसरण थोडी सौम्य होते हे खरे, पण घसा मिटायचा राहत नाही. उलट जाग आणणारे कारणच बोथट झाल्याने श्वास जास्त वेळ बंद राहू शकतो. ज्यांची फुप्फुसे धूम्रपानाने किंवा चुलीच्या धुराने आधीच खराब आहेत, किंवा ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून राहतो, त्यांना असा परस्पर लावलेला प्राणवायू धोक्याचा ठरू शकतो. काही रुग्णांना सीपॅपसोबत वेगळा प्राणवायू लागतो, पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचे असते.

करोनाकाळाची आणखी एक भेट म्हणजे बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. ‘माझा ऑक्सिजन सत्त्याण्णव आहे, मला काय झालेय?’ असे मला किती जणांनी ऐकवले असेल. दुपारी खुर्चीवर बसून मोजलेल्या आकड्याने रात्री दोन वाजताच्या घशाबद्दल काहीही कळत नाही. जाग्या माणसाचे स्नायू वाट उघडी धरतातच. चाचणी करायची तर झोपेतच केली पाहिजे, आणि फिलिपसन व सलिव्हन यांच्या कुत्र्यांवरील कामाचा धडाही तोच आहे.

याच कारणाने लेखातल्या, प्राणायामाचा उपाय सुचवणाऱ्या परिच्छेदाबद्दलही थोडे लिहिते. मी स्वतः रोज प्राणायाम करते आणि त्याबद्दल मला आदर आहे. परंतु तो जागेपणी, इच्छेने केला जातो. झोपेत श्वासाची लय मेंदूच्या देठातल्या पेशी सांभाळतात, आणि त्यांना आपला संकल्प ऐकू जात नाही. (त्या पेशींच्या पुंजक्याचे, प्रीबॉट्झिंगर संकुलाचे नाव जॅक फेल्डमन यांना एका परिषदेतल्या मद्याच्या बाटलीवरून सुचले होते, हे वर्गात सांगितले की झोपलेली मुलेही जागी होत असत.) घशाच्या आणि जिभेच्या स्नायूंना व्यायाम दिल्याने मध्यम तीव्रतेच्या विकारात फरक पडतो, असे ब्राझीलमधल्या 2009 च्या अभ्यासात दिसले आहे. त्याआधी 2006 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका लहान अभ्यासात डिजरिडू हे ऑस्ट्रेलियन आदिवासींचे लांब वाद्य वाजवायला शिकलेल्या रुग्णांची दिवसाची पेंग कमी झाली होती. आपल्याकडच्या सनईवाल्यांचा असा अभ्यास कोणी केला तर मला तो आवडीने वाचायला मिळेल. पण तीव्र विकार असलेल्या माणसाने अनुलोम-विलोमच्या भरवशावर तपासणी पुढे ढकलू नये, एवढे वाक्य लेखात हवे होते.

हा आजार लठ्ठ परदेशी माणसांचा, ही समजूत तर मुंबईतच खोटी ठरली आहे. हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्य तपासणीला आलेल्या 35 ते 65 वर्षे वयाच्या 658 पुरुषांची पाहणी केली, त्यांतल्या 250 जणांच्या झोपेची रात्रभर नोंद घेतली आणि 2004 मध्ये निष्कर्ष मांडले: सुमारे 19.5 टक्के पुरुषांत झोपेत श्वास अडकत होता, आणि त्याच्या जोडीला दिवसा पेंग येण्याचा त्रास असणारे 7.5 टक्के होते. ही माणसे आजारी म्हणून आलेली नव्हती. त्याआधी 1993 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या नोकरदारांच्या पाहणीत 24 टक्के पुरुष आणि 9 टक्के स्त्रियांच्या झोपेत असा अडथळा आढळला होता. स्त्रियांचा आकडा लहान म्हणून तो वाचून सोडून देऊ नये. आपल्याकडे ‘बाई घोरते’ हे घरात बोलायचीही चोरी असते; तिचा थकवा रक्तक्षयाच्या किंवा पाळी जाण्याच्या खात्यावर जमा होतो आणि झोपेची चाचणी तिच्या वाट्याला येतच नाही. पाळी गेल्यानंतर हा विकार स्त्रियांत वाढतो, हे लेखिकेने लिहिले असते तर अनेक वाचकांना उपयोग झाला असता.

यंत्राची बाजू घेताना त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. सीपॅपने झोप, पेंग आणि जगण्याचा दर्जा सुधारतो आणि रक्तदाब थोडा उतरतो. पण त्याने हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात टळतो का, हे पाहण्यासाठी भारतासह सात देशांत 2717 रुग्णांवर झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तसा फायदा दिसला नाही. मात्र त्या रुग्णांनी यंत्र लावले होते ते सरासरी रात्री जेमतेम सव्वातीन तास. अर्धी रात्र मास्क काढून झोपणाऱ्याला त्या अर्ध्या रात्रीचा लाभ कसा मिळणार, हा वाद अजून चालू आहे. मास्क नाकावर टोचतो, हवा गळते, तोंड कोरडे पडते, आणि किंमत अनेकांच्या आवाक्याबाहेर असते. म्हणून जबडा पुढे धरणारी दातांवरची साधने, काहींसाठी शस्त्रक्रिया, आणि मुख्य म्हणजे वजन उतरवणे, हे उपायही आहेत. स्थूलता आणि मध्यम ते तीव्र विकार एकत्र असणाऱ्या प्रौढांसाठी टिर्झेपाटाइड या इंजेक्शनला डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिली. तरीही कोणाला कोणता उपाय, हे झोपेची चाचणी झाल्यावर ठरते, आणि ती आता बऱ्याच रुग्णांची घरी, स्वतःच्या अंथरुणावरही करता येते.

तेव्हा माझी विनंती अशी. पुढच्या रविवारी दुरुस्ती छापताना ‘प्राणवायू पुरवणारे यंत्र’ हे शब्द काढून त्यांच्या जागी ‘खोलीतल्याच हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारे यंत्र’ असे घालावे. चित्र पुन्हा छापणार असाल तर मास्कची नळी सिलिंडरऐवजी पलंगाशेजारच्या लहानशा डब्याला जोडलेली दाखवावी. आणि जागा उरलीच, तर चौकटीत एक प्रश्न घालावा, तोच जो त्या तरुण डॉक्टरांनी मला विचारला: घोरण्याचा आवाज मध्येच बंद पडतो का? त्याचे उत्तर घोरणाऱ्याला कधीच देता येणार नाही, ते शेजारी झोपलेल्यानेच द्यायचे आहे, असेही खाली लिहावे.

कळावे,
आपली नियमित वाचक,
शरीरक्रियाशास्त्राची एक निवृत्त अध्यापिका, सातारा